क्लचचा पाय आणि तुटलेलं लिगामेंट: ऑपरेशन करावं का थांबावं?

घाटड्रायव्हर, १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. थोडं लांबडं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कोण देणार.

मी एसटीत ड्रायव्हर, वय ३८. बहुतेक ड्युटी वाई-महाबळेश्वर. पसरणी घाट ज्यांनी गाडी चालवत चढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, डावा पाय क्लचवरून उठतच नाही. आणि माझा नेमका डावाच गुडघा गेलाय.

झालं असं, चैत्रात आमच्या गावची यात्रा. यात्रेत कबड्डीचे सामने, आणि त्यात पस्तिशीपुढच्यांचा एक हौशी गट. कॉलेजात असताना मी डावा कोपरा खेळायचो, घोटा पकड माझी हुकमी. पोरांनी आग्रह केला, खुमखुमी मलाही होतीच. समोरचा चढाईपटू बोनसला आला, मी घोट्यावर झेप टाकली, तो गर्रकन फिरला. माझा डावा पाय मातीत रुतलेला आणि अंग भलतीकडं वळलेलं. वरून आमचाच मध्यरक्षक बाहेरच्या बाजूनं गुडघ्यावर कोसळला. 'कट्ट' असा आवाज आतून ऐकू आला. आमचा उजवा कोपरा म्हणतो त्यालाही ऐकू आला, पण तो काहीही म्हणतो.

पाच मिनिटं डोळ्यापुढं काजवे. मग कळ अचानक कमी झाली, म्हणून उठून परत मैदानात उभा राहिलो. माझी अक्कल, दुसरं काय. एक पाऊल टाकलं आणि गुडघा असा सटकला, की जिन्यात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावीच. दोन तासांत गुडघ्याचा नारळ झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणले हाडवैद्याकडं चल. त्यानं तेल लावून चोळलं, ओढलं, 'शीर चढलीय' म्हणून पाला बांधला. त्या रात्री जे ठणकलं ते शत्रूलाही नको. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं, तीन आठवडे पट्टा लावून झोपून राहा म्हणले. राहिलो. पट्टा काढला तर मांडी लुकडी झालेली आणि पाय सरळच होईना. शेवटी साताऱ्याला एका सर्जनना दाखवलं. त्यांनी गुडघा जरासा वाकवून नडगी पुढं ओढून पाहिली, दोन्ही पायांची, आणि लगेच म्हणले एमआरआय करा. साडेपाच हजार गेले.

रिपोर्टात लिहिलंय: एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) कम्प्लीट टेअर, म्हणजे पूर्ण तुटलेलं, एमसीएल ग्रेड टू, मेडियल मेनिस्कसमध्ये ग्रेड टू सिग्नल, आणि बोन ब्रूझ.

साताऱ्याचे सर्जन म्हणतात ऑपरेशन करा, मांडीमागची शीर काढून नवीन लिगामेंट बसवू, दीड लाखाच्या आसपास. मेव्हण्यानं पुण्यात दुसऱ्या सर्जनना रिपोर्ट दाखवला, ते म्हणले आधी तीन महिने व्यायाम, मग बघू. आई म्हणते दृष्ट लागली, यात्रेत कुणीतरी बघितलं.

आता मला कळेना. दोन्ही डॉक्टर शिकलेले, मग उत्तरं दोन कशी? ऑपरेशन न करता बस चालवता येईल का? केलं तर किती दिवस घरी बसावं लागेल? घरात पगार माझा एकट्याचा. आणि हे लिगामेंट आपोआप जुळत नाही का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.


वऱ्हाडी मास्तर, १२ मे, रात्री ११.०५

भाऊ, ऑपरेशन करा की नका करू ते डॉक्टर सांगतील. मी फक्त माझं सांगतो, म्हणजे तुमचं तसं होऊ नये.

२०१९ मध्ये पावसात मोटरसायकल घसरली, एसीएल तुटलं. नागपूरला ऑपरेशन केलं, छान झालं. घरी येताना हाती व्यायामाचा कागद दिला होता. कागद फ्रिजवर चिकटवला आणि विसरलो. दुखत होतं, म्हणून बायको प्रेमानं गुडघ्याखाली जाडजूड उशी ठेवून द्यायची. वाकलेल्या गुडघ्याला काय बरं वाटायचं म्हणून सांगू! सहा आठवडे मी असा राजासारखा पडून होतो.

दोन महिन्यांनी उभा राहिलो तर पाय पूर्ण सरळ होईना. दहा-पंधरा अंश वाकलेलाच. दिसायला थोडं वाटते, पण चाललो की लंगडा. शाळेत पोरं नक्कल करायची, मी मागं वळलो की गप्प. पुन्हा दुर्बीण घालून आत जमलेला जखमेच्या मांसाचा गोळा काढावा लागला. पहिल्या वेळी आत्मविश्वासात होतो, दुसऱ्या वेळी फिजिओथेरपिस्टकडं रडत गेलो. अजूनही शेवटचे तीन-चार अंश येत नाहीत.

तेव्हा ती उशी. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. ठेवायचीच तर टाचेखाली.


फिजिओताई, १३ मे, सकाळी ६.५०

मास्तरांनी लाख रुपयांची गोष्ट सांगितली. मी १६ वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली बरीच गुडघ्यांत गेली. उशीनं बिघडवलेले गुडघे सर्जननं बिघडवलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

दादा, आधी तुमचा रिपोर्ट. त्यात चार गोष्टी आहेत आणि चारही सारख्या वजनाच्या नाहीत.

एमसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या अंगाचा पट्टा. तो सांध्याच्या पोकळीबाहेर असतो, त्याला रक्त मिळतं, त्यामुळे ग्रेड दोनची इजा बिजागरीच्या ब्रेसमध्ये चार ते सहा आठवड्यांत बहुतेक वेळा आपली आपण भरते. तुम्हाला पाच आठवडे होत आले, म्हणजे ती भरत आली असणार. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, तिच्यातला 'ग्रेड टू सिग्नल' वाचून घाबरू नका. गादी कडेपर्यंत फाटली तर तिला फाटणं म्हणतात, हा आतल्या आत उमटलेला डाग आहे, चाळिशीच्या आसपास धडधाकट माणसांतही दिसतो. बोन ब्रूझ म्हणजे हाडाला आतून बसलेला मुका मार. तो काही महिने ठणकतो आणि जातो.

राहिलं एसीएल. ते सांध्याच्या मधोमध, सांध्यातल्या पाण्यात असतं. तुटलं की रक्त त्या पाण्यात पसरतं (तो तुमचा नारळ), दोन टोकांमध्ये जखम भरायला लागणारी गाठ धरत नाही. म्हणून जुळणं अवघड. काहींचं जुळतं, एमआरआयमध्ये दिसतं, पण त्या आशेवर नोकरीचा निर्णय घेऊ नका. त्याच कारणानं सर्जन सहसा ते नुसतं शिवत नाहीत, दुसरीकडची कंडरा घेऊन नवं बसवतात. तुम्ही शीर म्हणता ती शीर नव्हे. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी ती.

आता दोन डॉक्टर, दोन उत्तरं. दोघांचंही चूक नाही. स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. एसीएल नुकतंच तुटलेली १२१ तरुण माणसं घेतली. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी आणि परत पाच वर्षांनी पाहिलं, तर गुडघ्याच्या त्रासात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण हेही ऐका: व्यायामवाल्या गटातल्या निम्म्या लोकांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे निम्म्यांची गरज व्यायामानं भागली, निम्म्यांची नाही. उलट ब्रिटनमध्ये २०२२ साली ३१६ जणांवरचा अभ्यास आला, त्यात जुनी दुखापत आणि सटकणारा गुडघा असलेली माणसं होती. तिथं ऑपरेशनवाले पुढं राहिले. पुण्याचे डॉक्टर पहिल्या अभ्यासासारखं बोलतायत, साताऱ्याच्या डॉक्टरांना घाटातली बस दिसतेय.

माझ्या मते तुम्ही आधी एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर काढा. तुमचा गुडघा सटकतो का? दुखतो का, हे मी विचारत नाही. आजपासून कॅलेंडरवर टिंब मारा, सटकला की टिंब. हे टिंब एमआरआयपेक्षा जास्त बोलतात, कारण प्रत्येक सटकण्याला मेनिस्कस आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) चिरडली जाऊ शकते.

क्लचचं म्हणाल, तर क्लच दाबणं ही सरळ रेषेतली हालचाल. मांडीचा स्नायू दमदार असेल तर एसीएल नसतानाही ती जमते. एसीएल लागतं ते पळता पळता थांबायला, पाय रोवून वळायला, उडी मारून उतरायला. तुमचा धोका क्लचवर कमी, केबिनच्या दारात जास्त. ड्रायव्हर मंडळी कशी उतरतात मला माहितेय, शेवटच्या पायरीवरून टुणकन. ते आजपासून बंद. तोंड गाडीकडं, दोन्ही हात दांडीला, शिडीवरून उतरल्यासारखं, आणि जमिनीवर पहिला पाय डावा अलगद, वळायचं नंतर.

आणि काहीही ठरलं तरी आधी पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, सूज उतरली पाहिजे, मांडी कामाला लागली पाहिजे. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर मास्तरांसारखा गोळा बसायची भीती वाढते. म्हणजे पुढचे सहा आठवडे दोन्ही रस्ते एकच आहेत. त्यात निर्णयाची घाई नाही. एकच अपवाद: गुडघा अडकला, म्हणजे काही केल्या उघडेनाच, तर मेनिस्कसचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो. तेव्हा फोरमवर लिहीत बसू नका, सर्जनकडं जा.

चोळणं बंद. ताज्या रक्तानं भरलेला सांधा चोळणं म्हणजे जखमेवर खलबत्ता. हाडवैद्याला माझा नमस्कार सांगा.

जवळ फिजिओथेरपिस्ट गाठा, मी स्क्रीनवरून गुडघा पकडू शकत नाही. तोवर: टाचेखाली उशी, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरायची, मांडी कडक झाली पाहिजे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, उचलताना गुडघा वाकला तर तो मोजायचा नाही. पलंगावर टाच सरकवत पाय जवळ घ्यायचा. नंतर टॉवेलात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं.


घाटड्रायव्हर, १३ मे, रात्री १०.१५

ताई, तुमचे उपकार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणली ही बाई दृष्टीचं काहीच बोलली नाही.

टाचेखालची उशी आज चार वेळा केली. मांडीमागं असं ताणतंय की दहाव्या मिनिटाला मी देवाचं नाव घेतो. आमच्या हिच्या शिवणकामाच्या टेपनं मांडी मोजली, वाटीच्या वर एक वीत. उजवी ४९, डावी ४५. चार सेंटिमीटर पाच आठवड्यांत गेले, माझा विश्वासच बसेना.

एक विचारतो. लाज वाटते पण विचारतो. आमच्याकडं संडास बसायचा, खुर्चीचा नाही. त्याचं काय?


फिजिओताई, १४ मे, सकाळी ७.१०

लाज कसली, रोज चार जण विचारतात आणि आठ जण विचारत नाहीत, तेच अवघड. मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मेडिकलवाले भाड्यानं देतात, ती वर ठेवा. खोल उकिडवं बसणं सध्या नको. पुढं व्यायामानं आणि ऑपरेशननंतरही बहुतेकांना ते परत जमतं, पण वेळ घेतं. मांडी घालून बसण्याचंही तेच. पंगतीत खुर्ची मागा, कोणी काही म्हणत नाही.


लाल माती, १४ मे, दुपारी १.३०

घाटड्रायव्हर दादा, मी रत्नागिरीकडचा, आता परळला, वय २४, चढाई करतो. मी ऑपरेशन केलेला. म्हणून दुसरी बाजू.

माझं एसीएल मॅटवर गेलं, उजवा पाय, वळताना. कोणी हातसुद्धा लावला नव्हता, समोरचे सातही जण पंचाकडं बघत राहिले. सोबत मेनिस्कस उभा फाटला. मला कबड्डी सोडायची नव्हती. त्यामुळे विचार करण्यासारखं फार नव्हतं. पाय रोवून वळण्यावर ज्याचं पोट किंवा जीव आहे, त्याला डॉक्टर बहुतेक ऑपरेशनच सांगतात.

मांडीमागची कंडरा घेतली. काहींची वाटीखालची घेतात, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. ती घट्ट बसते, पण गुडघ्यावर टेकायला वर्षानुवर्षं दुखतं म्हणतात. आमच्या टीममधल्या एकाची घोट्याच्या बाजूची घेतलीय. तुमचं पुजाऱ्याचं किंवा फरशीचं काम असतं तर वाटीखालची नको म्हटलं असतं. ड्रायव्हरला तसं फरक पडू नये, पण कोणती घेणार आणि का, हे सर्जनना विचारा. विचारल्यावर राग येणारा सर्जन असेल तर दुसरा बघा.

माझा मेनिस्कस शिवला, त्यामुळे सहा आठवडे पूर्ण वजन टाकायचं नाही, कुबड्या. नुसतं एसीएल असतं तर दोन-तीन आठवड्यांत कुबड्या सुटल्या असत्या. दुखणं म्हणाल तर पहिले चार दिवस. त्यानंतर कंटाळा, आणि तो दुखण्यापेक्षा वाईट.

एक फसवी वेळ येते, ती सांगतो. दोन-अडीच महिन्यांनी पाय एकदम मस्त वाटायला लागतो. सूज नाही, जिना चढतोय, सायकल मारतोय. आणि नेमकं तेव्हाच आतलं कलम सगळ्यात नाजूक असतं. जुनी कंडरा मेल्यासारखी होते, तिच्यात नवीन रक्तवाहिन्या शिरायच्या असतात. आमच्याकडं आंब्याचं कलम बांधल्यावर पालवी फुटली म्हणून कोणी झोपाळा बांधत नाही. माझ्या एका मित्रानं तिसऱ्या महिन्यात गल्लीत क्रिकेट खेळलं. पुन्हा तुटलं.

मी चौथ्या महिन्यात सरळ पळायला लागलो, सातव्यात वळणं, आणि मॅटवर अकराव्या महिन्यात. त्याआधी फिजिओनं एका पायावर लांब उडी मारायला लावली, आळीपाळीनं दोन्ही पायांनी. दुखरा पाय चांगल्याच्या नव्वद टक्के तरी पोचला पाहिजे म्हणाले. पहिल्यांदा ७८ आले, मला परत पाठवलं. तेव्हा शिव्या घातल्या मनात. ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२ मधला आणि तो आयपीएलला उतरला मार्च २०२४ मध्ये, हाताशी सगळं असताना. त्याचं तर एकापेक्षा जास्त लिगामेंट गेलं होतं म्हणा, पण आपण कशाला घाई करायची.

पैशांचं: मला सगळं मिळून एक लाख चाळीस हजार लागले, आणि नंतरची फिजिओ वेगळी. ती कोणी सांगत नाही. महिन्याला तीन-चार हजार धरून चला. जनआरोग्य योजनेत आपलं बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, कागद दाखल व्हायच्या आधी. नंतर विचारून उपयोग नसतो.


फिजिओताई, १४ मे, रात्री ९.००

लाल माती, शाब्बास. ७८ ला परत पाठवणाऱ्याला पेढे दे. नॉर्वे-अमेरिकेतल्या खेळाडूंवर झालेल्या पाहणीत दिसलं होतं, की नवव्या महिन्यापर्यंत प्रत्येक महिना थांबल्यानं पुन्हा दुखापत व्हायचा धोका जवळजवळ निम्म्यानं उतरत जातो. नऊ महिन्यांनंतर मग थांबून तसा फायदा दिसला नाही. हा आकडा मी दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, तरी सहाव्या महिन्यात प्रत्येक जण विचारतोच.

दादा, तुमचा प्रश्न राहिला होता, ऑपरेशननंतर बस कधी. कार सहा आठवड्यांनी चालवणारे असतात. पन्नास माणसं मागं घेऊन घाट उतरायला मी तीन-चार महिन्यांच्या आत हो म्हणणार नाही, आणि शेवटचा शब्द सर्जनचा आणि तुमच्या वैद्यकीय तपासणीचा. ऑपरेशन केलंच तर एक लक्षात ठेवा: एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं, तर सकाळची वाट बघायची नाही.


द्राक्षबाग, १५ मे, पहाटे ५.२०

मी निफाडकडचा. मी ऑपरेशन न करणाऱ्यांतला, पण शहाण्यासारखं न करणाऱ्यांतला नाही, म्हणून लिहितो.

आठ वर्षांपूर्वी एसीएल गेलं. छाटणीचा हंगाम होता, म्हणलं बघू नंतर. पाय चालत होता ना. व्यायाम कसला, शेतात दिवसभर चालतोय तोच व्यायाम असं वाटायचं. (तो व्यायाम नसतो, हे मला फार उशिरा कळलं.) वर्षातून दोनदा-तीनदा गुडघा सटकायचा. बांधावरून उतरताना, ट्रॅक्टरवरून उडी मारताना. दोन दिवस सुजायचा, बसायचा. मीही विसरायचो.

सहाव्या वर्षी एक दिवस बागेत खाली बसलो आणि उठताच येईना. गुडघा अडकला. मेनिस्कस फाटून उलटला होता, बादलीच्या कडीसारखा म्हणतात ते. शिवण्यासारखा उरला नव्हता, तुकडा कापून काढला. आता पंचेचाळिसाव्या वर्षी थंडीत गुडघा म्हाताऱ्यासारखा कुरकुरतो. ताई म्हणतात ते कॅलेंडरवरचे टिंब मी मारले असते तर सहा वर्षांत पंधरा झाले असते. पंधरा टिंब बघून मीच घाबरलो असतो.


घाटड्रायव्हर, १० सप्टेंबर, रात्री ८.३०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी. कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण असे धागे मी वाचले तेव्हा शेवट कुठंच नव्हता. सगळे प्रश्न विचारून पसार.

साताऱ्यात एक फिजिओथेरपिस्ट मिळाल्या. पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, मग एकदा. डेपोत साहेबांना कागद दाखवला, त्यांनी तोवर बसायचं हलकं काम दिलं. पगारातला भत्ता गेला, तेवढं सोसलं. पाय सरळ व्हायला १९ दिवस लागले. ज्या दिवशी टाच उशीवर आणि गुडघ्यामागचा खड्डा गादीला टेकला, त्या दिवशी मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणली, एवढंच?

मग भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, पायरीवर एका पायानं चढ-उतार, पायाला दोन किलो तांदळाची पिशवी बांधून उचलणं. सायकल. नंतर एका पायावर उभं राहून दात घासायचे. हा सगळ्यात अवघड. पहिल्या दिवशी बेसिनच धरलं. फिजिओ मॅडमनी केबिनच्या दाराएवढा उंच ओटा शोधून त्यावरून उतरायची सवय करून घेतली, फिजिओताईंनी लिहिलं होतं तसंच.

कॅलेंडर: मे महिन्यात तीन टिंब. जूनमध्ये एक, पावसात अंगणात शेवाळावर. जुलै कोरा. ऑगस्ट कोरा. मांडी ४८, उजवी ४९.

ऑगस्टच्या शेवटी परत त्याच साताऱ्याच्या सर्जनकडं गेलो. भीत भीतच, म्हणलं रागावतील. त्यांनी नडगी ओढून पाहिली, म्हणले ढिलं आहे, लिगामेंट काही उगवलेलं नाही, पण गुडघा सांभाळतोय. एका पायावर उडी मारायला लावली. म्हणले सध्या ऑपरेशन नको. परत सटकायला लागला तर दुसऱ्या दिवशी या, द्राक्षबागवाल्यांसारखं सहा वर्षं थांबू नका. (म्हणजे ते असं म्हणले नाहीत, पण मी त्यांना हा धागा वाचून दाखवला होता.) तपासणी होऊन गेल्या सोमवारपासून गाडीवर आहे. मॅडमच्या सांगण्यावरून आधी आठवडाभर सपाटीची फेरी मागून घेतली, वाई-सातारा. काल पहिल्यांदा घाट. पाचगणीला पोचलो तेव्हा मांडी थरथरत होती पण गुडघा जागेवर. उतरताना तोंड गाडीकडं, दोन्ही हात दांडीला. कंडक्टर म्हणला, काय मालक, झाडावरून उतरताय का? म्हणलं, हो.

कबड्डी बंद. ते मला आधीच ठरवावं लागलं, व्यायामाचा रस्ता घेताना पुण्याच्या सर्जननी तीच अट घातली होती. लाल माती, तू खेळ बाबा माझ्या वाटचं. पुढच्या यात्रेला मंडळानं मला पंच म्हणून उभं राहायला सांगितलंय, शिट्टी आणि पांढरा शर्ट.


फिजिओताई, ११ सप्टेंबर, सकाळी ६.४५

मांडी ४८! वाचून चहा गोड लागला. व्यायाम बंद करू नका, आठवड्यातून तीनदा तरी, कायम.

पंच कोणत्या जागी? मध्यरेषेवरचा पंच चढाईपटूबरोबर आडवा पळतो आणि झटक्यात वळतो. गुणलेखकाची खुर्ची मागा.


घाटड्रायव्हर, ११ सप्टेंबर, रात्री १०.०२

ताई, गुणलेखक आमचा उजवा कोपरा आहे. तो उठत नाही.